मोठी अक्षरं पुरेशी नाहीत. ज्येष्ठांच्या फोनमध्ये चूक स्वस्त हवी

इंदूर : सप्टेंबर २०२४ मध्ये इंदूरमधल्या ६५ वर्षांच्या एका महिलेला फोन आला. बोलणारा स्वतःला तपास यंत्रणेचा अधिकारी म्हणवत होता. तुमच्या बँक खात्याचा गैरवापर झाला आहे, असं सांगून त्यानं व्हिडिओ कॉलवर ‘चौकशी’ सुरू केली. पुढचे पाच दिवस त्या आपल्याच घरात ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये होत्या. तेवढ्यात त्यांच्याकडून ४६ लाख रुपये काढून घेतले गेले.

दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, अशाच एका टोळीनं चक्क इंदूर पोलिसांच्या गुन्हे शाखेचे अतिरिक्त पोलीस उपायुक्त राजेश दंडोतिया यांनाच फोन लावला. त्यांनी तो लगेच ओळखला, ठगाला बोलतं ठेवलं आणि त्या बोलण्याचा व्हिडिओ लोकांपर्यंत पोहोचला. शहरात त्याची बरीच चर्चा झाली, लोक हसलेही.

पण या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट खटकते. पहिल्या घटनेतल्या बाईंना फोन ‘येत नव्हता’ असं म्हणता येत नाही. फोन उचलता येत होता, व्हिडिओ कॉलवर बोलता येत होतं. आपल्याकडे ज्येष्ठ आणि स्मार्टफोन हा विषय निघाला की चर्चा अक्षरं मोठी करण्यापाशी सुरू होते आणि तिथंच संपते. अक्षरं मोठी हवीतच. पण खरी अडचण वेगळी आहे. या फोनमध्ये एक चूक किती महाग पडते, हा प्रश्न आहे. ती चूक स्वस्त होत नाही, तोवर फोन सोपा झाला असं म्हणण्यात अर्थ नाही.

घर इंदूरला, मुलं पुण्याला

२०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे १२ लाखांच्या आसपास होते. होळकरांच्या काळापासून इथं रुजलेली ही वस्ती. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर अशा भागांत आजही जिन्यात मराठी ऐकू येते. मात्र या घरांतली पुढची पिढी नोकरीसाठी पुणे, मुंबई, बंगळुरू किंवा थेट परदेशात गेली. मागे आई-बाबा राहिले, आणि मुलांशी जोडणारी वस्तू म्हणून हातात फोन आला.

बऱ्याच घरांत हा फोन नवा नसतो. मुलानं नवा घेतला की जुना बाबांकडे येतो. बॅटरी दमलेली, जागा भरलेली, कंपनीचे सुरक्षा अपडेट बंद झालेले आणि आत मुलाच्या सवयीच्या सेटिंग. म्हणजे घरात ज्याला सगळ्यात सोप्या आणि सुरक्षित फोनची गरज, त्याच्या वाट्याला सगळ्यात अवघड फोन. मुलाच्या मनात वाईट काही नसतं. चालू वस्तू वाया कशाला घालवायची, हा आपला मध्यमवर्गी हिशेब. पण ज्या फोनवर आईचं पेन्शन खातं चालतं, तिथं हा हिशेब चुकतो.

भाषेचा गुंता वेगळाच. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि फोनवर इंग्रजी, अशी इंदुरी मराठी माणसाची तिहेरी कसरत. बेळगाव-निपाणीकडे हिंदीच्या जागी कन्नड ठेवा, गोष्ट तीच. फोनची भाषा मराठी करता येते, व्हॉट्सअ‍ॅपही मराठीत चालतं. गुगल पे २०१७ मध्ये ‘तेज’ नावानं आलं तेव्हापासून त्यात मराठी आहे. तरी पुष्कळ ज्येष्ठ फोन इंग्रजीतच ठेवतात, कारण शिकवणारा मुलगा किंवा नात इंग्रजी फोनवरच शिकवते. शिवाय मराठी मेनूतले काही शब्द पुस्तकी असतात. ‘सेटिंग’ म्हटलं की कळतं, ‘प्राधान्ये’ म्हटलं की माणूस थांबतो. फोन मराठीत करायचा असेल तर शिकवणाऱ्यानंही आपला फोन आठवडाभर मराठीत ठेवून बघावा. फोनवरून समजावताना मग दोघांसमोर एकच शब्द असतो.

फोन आता सरकारी खिडकी झाला

दहा वर्षांपूर्वी स्मार्टफोन नसला तर नातवाचे फोटो चुकायचे. आज कामं अडतात.

पेन्शनरांचं उदाहरण घ्या. हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरात द्यावा लागतो. त्यासाठी ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. वयानं बोटांचे ठसे झिजतात, यंत्र ते घेत नाही, म्हणून २०२१ मध्ये चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय आली. ही चांगलीच गोष्ट. ज्यांना चालवत नाही त्यांची बँकेतली फेरी वाचली. पण त्यासाठी फोनमध्ये एक नाही, दोन अ‍ॅप लागतात. चेहरा चौकटीत धरायचा, उजेड हवा, सांगेल तेव्हा डोळे मिटायचे-उघडायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या ८२ वर्षांच्या माणसाला हे एकट्यानं जमावं, ही अपेक्षा जरा जास्त आहे.

७० वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचाराचं संरक्षण देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं. त्याची नोंदणी आधारच्या पडताळणीवर चालते. जुलै २०२५ पासून रेल्वेचं तत्काळ तिकीट ऑनलाइन काढायला आधार-पडताळणी लागते, आणि काउंटरवरच्या तत्काळसाठीही मोबाईलवर ओटीपी मागण्याची व्यवस्था रेल्वेनं आणली. म्हणजे अवंतिका एक्स्प्रेसचं तिकीट रांगेत उभं राहून काढायचं ठरवलं, तरी खिशात फोन हवाच. कचरा उचलला नाही, पथदिवा बंद आहे, तर इंदूर महापालिकेकडं तक्रार करायला ‘इंदौर ३११’ हे अ‍ॅप.

आता दुसरी बाजू बघा. देशातली सगळ्यात मोठी डिजिटल साक्षरता योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०२४ मध्ये संपली. ६ कोटींहून अधिक लोकांना तिच्यात प्रशिक्षण मिळालं. योजना ग्रामीण भागासाठी होती, घरटी एका माणसासाठी होती आणि वयाची अट होती १४ ते ६०. साठी ओलांडली की योजनेबाहेर. सेवा फोनवर नेताना वयाची अट नव्हती, शिकवताना मात्र होती. ही विसंगती कोणा एका खात्याची नाही. ज्येष्ठांना घरातलं कुणीतरी शिकवेल, असं सगळ्यांनीच धरून चाललेलं आहे. आणि ते ‘कुणीतरी’ पुण्याला गेलंय.

हाताला फोन का लागत नाही

‘बाबांना किती वेळा सांगितलं, तरी तेच,’ अशी तक्रार घरोघरी असते. त्यात बुद्धीचा दोष कमी, शरीराचा आणि फोनच्या रचनेचा जास्त.

वयानं बोटांची त्वचा कोरडी होते. स्क्रीन कोरड्या बोटाला नीट दाद देत नाही. मग माणूस जोरानं आणि जास्त वेळ दाबतो. फोनच्या लेखी तो साधा स्पर्श राहत नाही, ‘धरून ठेवणं’ होतं, आणि वेगळंच काही उघडतं. हात थरथरत असेल तर एका जागी दोन वेळा दाबलं जातं. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं तरुण डोळ्यांना झोकदार वाटतात, मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसतच नाहीत. नव्या फोनमध्ये मागे जायचं बटणच नसतं, कडेवरून बोट सरकवायचं असतं. जे दिसत नाही ते लक्षात कसं राहणार?

यातलं बरंच काही अर्ध्या तासात सुधारता येतं. मुलं दिवाळीत घरी आली की एवढं करून जावं :

- अक्षरांबरोबर चिन्हांचा आकारही वाढवावा. दोन्ही सेटिंग वेगवेगळ्या असतात. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ‘ईझी मोड’ असतो, तो एकदा लावून बघावा.
- बोट सरकवण्याऐवजी खाली तीन बटणं दिसतील अशी मांडणी निवडावी.
- ‘धरून ठेवण्याचा’ वेळ वाढवावा. अँड्रॉइडमध्ये तो सुलभतेच्या सेटिंगमध्ये सापडतो.
- स्क्रीन लवकर काळी होते, ती वेळ दोन मिनिटांवर न्यावी.
- पहिल्या पानावर रोजची पाच-सहाच चिन्हं ठेवावीत. मुलगा, मुलगी, शेजारी आणि डॉक्टर यांचे नंबर एका दाबात लागतील असे तिथंच ठेवावेत.
- जाहिराती आणि खेळांच्या सूचना बंद कराव्यात. त्या गर्दीत बँकेचा खरा मेसेज हरवतो.
- मराठीत बोलून टाइप कसं करायचं ते दाखवावं. कीबोर्डवरचा माइक दाबायचा आणि बोलायचं. हिंदी मिसळलेली इंदुरी मराठी त्याला कधी कळते, कधी नाही, पण पाच ओळींचा मेसेज लिहिण्यापेक्षा ते सोपं.

आणि एक पथ्य. मांडणी एकदा लावली की बदलू नये. ज्येष्ठ माणूस अनेकदा फोन वाचून वापरत नाही, जागेवरून वापरतो. दुसऱ्या रांगेतलं तिसरं चिन्ह म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. ते हललं की शिकलेलं पुसलं.

‘दाबून बघा, काही होत नाही’

फोन शिकवताना नातवंडं हे वाक्य हमखास म्हणतात. त्यांच्या दृष्टीनं ते खरं असतं. चुकीचं दाबलं, मागे आलं, संपलं. पण ज्या फोनमध्ये बँक आहे, तिथं ‘काही होत नाही’ हे खोटं आहे. आजी-आजोबांना ते बरोबर कळतं, म्हणून ते दाबत नाहीत. आपण त्याला भीती म्हणतो. खरं तर तो शहाणपणा आहे.

ही पासबुकावर वाढलेली पिढी. पैसे काढायचे तर स्लिप भरायची, सही जुळायची, कॅशियर दोनदा मोजायचा, मग पासबुकात नोंद व्हायची. मुदत ठेव मोडायची तर पावती घेऊन शाखेत जावं लागे. काउंटरवरचा ओळखीचा माणूस विचारायचा, ‘काका, मुदत व्हायला चारच महिने राहिलेत, आत्ताच का मोडताय?’ त्या प्रश्नाचा कधी कधी वैतागही यायचा. पण ती एक सुरक्षा होती. आता अनेक बँकांच्या अ‍ॅपमध्ये ठेव काही मिनिटांत मोडता येते आणि विचारणारं कुणी नसतं.

त्या प्रश्नाची किंमत किती, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादेत दिसलं. डिजिटल अरेस्टच्या फेऱ्यात अडकलेले ६१ वर्षांचे एक गृहस्थ ठेवी मोडायला स्टेट बँकेच्या शाखेत गेले. कर्मचाऱ्यांना शंका आली, त्यांनी विचारपूस केली, व्यवहार थांबवला आणि १३ लाख रुपये वाचले. तिथं काम आलं ते कुठलं नवं तंत्र नव्हतं. एका माणसानं दुसऱ्याला ‘का?’ असं विचारलं होतं.

पैसे गेल्यावर ते परत मिळणं अवघड, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला वेगळं सांगायला नको. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार तिसऱ्याच कुणाच्या गडबडीनं पैसे गेले आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. पण ग्राहकानं स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. घाबरवून, धमकावून घेतलेला ओटीपीही कागदावर ‘स्वतः दिलेला’ दिसतो. चूक महाग आहे ती इथं.

चूक स्वस्त करायची म्हणजे काय

घराच्या पातळीवर पहिला उपाय जुनाच आहे : तिजोरी वेगळी आणि बटवा वेगळा. पेन्शन आणि ठेवींचं खातं फोनला जोडूच नये. दुसरं लहान खातं उघडावं, त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेवावेत आणि यूपीआय त्यालाच जोडावं. काही चुकलं तर गेले ते आठ-दहा हजार. वाईट वाटेल, पण आयुष्याची पुंजी जाणार नाही.

दुसरा उपाय यूपीआय लाइट. यात एका वेळी जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात आणि १,००० रुपयांपर्यंतचं पेमेंट पिन न टाकता होतं. भाजी, दूध, औषधाला पुरेसं, आणि चूक झाली तरी तिला मर्यादा.

तिसरा, २०२४ मध्ये आलेलं ‘यूपीआय सर्कल’. मुख्य खातेदार आपल्या खात्यातून घरातल्या दुसऱ्याला पैसे खर्चायची मुभा देतो. महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतची मर्यादा घालून पूर्ण मुभा देता येते, किंवा प्रत्येक पेमेंटला मुख्य खातेदाराची मंजुरी लागेल असंही ठेवता येतं. इथं जरा जपून. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला पावशेर मेथीसाठी पुण्यातल्या मुलाची मंजुरी घ्यायला लावू नये. मर्यादा घालावी आणि तिच्या आत तिला मोकळं सोडावं. सुरक्षेच्या नावाखाली आईचा हात रिकामा करणं ही सोय होत नाही.

स्मार्टफोन नकोच असेल, तर बटणांच्या साध्या फोनवरून पैसे देण्याची ‘यूपीआय १२३पे’ ही सेवा मार्च २०२२ पासून आहे. एका व्यवहाराची मर्यादा १०,००० रुपये. बँकांनी ती पुरेशी लोकांपर्यंत नेलीच नाही.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अनोळखी नंबरचे कॉल गप्प करण्याची सोय २०२३ पासून आहे. ती आज, आत्ता चालू करावी. व्हिडिओ कॉलवर अटक करणारा कायदा या देशात नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलेलंही तेच : थांबा, विचार करा, मग पाऊल उचला. पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर लगेच कळवावं. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ते गोठवता आले, तरच काही हाती लागतं. मुलं रागावतील म्हणून आई-बाबा दोन दिवस गप्प बसतात, आणि तेच दोन दिवस ठगाला हवे असतात. ‘चूक झाली तर आधी मला सांगा, मी ओरडणार नाही,’ हे मुलांनी आधीच सांगून ठेवलं, तर ते कुठल्याही अ‍ॅपपेक्षा उपयोगी पडेल.

जे घरच्यांच्या हातात नाही

पण सगळं घरच्यांवर टाकून चालणार नाही. जपानमध्ये डोकोमो कंपनीनं ज्येष्ठांसाठी ‘राकुराकु’ फोन १९९९ मध्येच आणला. ‘राकुराकु’ म्हणजे सहज, आरामात. चीननं २०२१ मध्ये सरकारी मोहीम काढून मोठ्या अ‍ॅपना आणि वेबसाइटना ज्येष्ठांसाठी वेगळी, जाहिरातींशिवायची मांडणी करायला लावली. सिंगापूरच्या मोठ्या बँकांनी २०२३ च्या अखेरीस पैशाला ‘कुलूप’ लावण्याची सोय दिली. कुलूपबंद रक्कम फोनवरून हलत नाही. ग्राहकाला ते सोडवायला वेगळी पडताळणी करावी लागते, काही बँकांत तर शाखेतच जावं लागतं. म्हणजे पासबुकाच्या काळातला तो ‘का मोडताय?’ त्यांनी मुद्दाम परत आणला. लहान खर्च सोपा, मोठी रक्कम हलवणं अवघड. ज्येष्ठांसाठी सोपा फोन म्हणजे हाच.

आपल्याकडे कायद्याची बाजू हलू लागली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ते प्रकरण अ‍ॅसिड हल्ला झालेल्या आणि दृष्टिहीन लोकांचं होतं. केवायसीसाठी डोळे मिटून-उघडून दाखवा म्हटलं, तर ज्यांना ते शक्यच नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न होता. हयातीच्या दाखल्यासमोर बसलेल्या आजोबांचा प्रश्न त्याला लागूनच आहे. पुढे हरियाणातल्या अंबाल्याच्या एका ज्येष्ठ जोडप्याचे १ कोटीहून अधिक रुपये गेल्यावर न्यायालयानं डिजिटल अरेस्टचा विषय स्वतःहून हाती घेतला आणि डिसेंबर २०२५ मध्ये तपास सीबीआयकडे दिला.

मात्र ठग पकडले गेले तरी खिडकीचा प्रश्न उरतोच. फोनवर नेलेल्या प्रत्येक सेवेला बाजूला एक माणूस हवा. ७० वर्षांवरच्या ग्राहकांना घरपोच मूलभूत बँकिंग द्यावं, असं रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१७ मध्येच सांगितलं आहे. पोस्टमन घरी येऊन डिजिटल हयातीचा दाखला काढून देतो. या सोयी कागदावर आहेत, पण ज्यांच्यासाठी आहेत त्यांना माहीत नाहीत. म्हणून ज्येष्ठांनी शाखेत गेल्यावर त्या मागाव्यात, लेखी मागाव्यात. ऑनलाइन ठेव मोडणं आपल्या खात्यापुरतं बंद करता येतं का, रोजची मर्यादा किती कमी ठेवता येते, हेही त्याच फेरीत विचारावं.

इंदूरच्या मराठी समाजाकडे याबाबतीत एक भांडवल आहे. महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या संस्था आहेत. ‘सानंद’च्या नाटकांना जमणारा प्रेक्षकवर्ग आहे, आणि त्यात पांढऱ्या केसांची संख्या मोठी. स्वच्छतेत सलग अव्वल राहिलेल्या या शहरानं ओला-सुका कचरा वेगळा करायला घरोघरी शिकवलं, तेही व्याख्यानं देऊन नव्हे, तर रोज दारात गाडी आणून. फोनचंही तसंच व्हायला हवं. महिन्यातून एक दुपार, चार-पाच कॉलेजची मुलं, आणि आपापला फोन घेऊन आलेले आजी-आजोबा. शिकवणी मराठीत, घाई नाही, आणि सराव खोट्या पैशांवर. एकच गोष्ट चार वेळा विचारली तरी कपाळाला आठी नाही. बेळगाव, बिदर, बऱ्हाणपूर, जिथं मराठी मंडळ आहे तिथं हे करता येईल. खर्च चहा-बिस्किटांचा.

बाकी काम बँकांचं आणि सरकारचं. बँकांची आणि सरकारची अ‍ॅप बनवणाऱ्यांनी आता एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. ७५ वर्षांच्या माणसानं घाबरून चुकीचं बटण दाबलं, तर पुढे काय होतं? ‘चोवीस तास थांबतं आणि मुलीला कळतं’ असं उत्तर आलं, तर फोन सोपा झाला. ‘पैसे गेले’ हेच उत्तर असेल, तर अक्षरं कितीही मोठी केली तरी उपयोग नाही.